हौसेचा डोळा

‘हौशी’ हे विशेषण मराठीत आपण जरा हात राखूनच लावतो. हौशी नट, हौशी गायक, हौशी लेखक असे म्हणताना मनात कौतुक असते, पण त्या कौतुकाला कनिष्ठतेची एक बारीक किनारही असते. ज्याला एखादे काम पुरतेपणी साधलेले नाही, केवळ आवडते म्हणून जो ते करतो, तो हौशी. दुसरीकडे ‘हौसेला मोल नाही’ असेही आपणच म्हणतो, आणि त्या म्हणीत थट्टेबरोबर थोडा आदरही असतो. फ्रेंच भाषेतून जगभर गेलेला ‘अमॅच्युअर’ हा शब्द तर मूळ लॅटिनमधील प्रेम करणे या क्रियापदापासून आलेला आहे. छायाचित्रणाच्या बाबतीत हा शब्दविचार विशेष लागू पडतो, कारण या कलेतील काही उत्तम काम अशा माणसांच्या हातून झाले आहे, ज्यांनी त्यावर कधी पोट भरले नाही. अशा दोघांच्या चित्रांचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे. एक श्रीमंत घरचा लाडका मुलगा, आणि दुसरी परक्यांची मुले सांभाळणारी एकटी बाई. दोघांनीही रोजच्या जगण्यातले क्षण टिपले आणि दोघांच्याही चित्रांतून पाहणाऱ्याला आनंद मिळतो. तो आनंद नेमका कोठून येतो, एवढाच आमचा प्रश्न आहे.

झाक आँरी लार्तिग याचा जन्म १३ जून १८९४ रोजी पॅरिसजवळच्या कुर्बव्वा या गावी झाला. वडील धनाढ्य व्यावसायिक होते आणि त्यांना स्वतःलाच छायाचित्रणाचा नाद होता. १९०२ साली त्यांनी आपल्या या धाकट्या मुलाला स्वतंत्र कॅमेरा घेऊन दिला. तो लाकडी होता, त्यात काचेच्या तबकड्या घालाव्या लागत. त्याच्याही आधीची एक हकिगत लार्तिगने पुढे मोठेपणी सांगितली आहे. लहानपणी त्याने एक खेळ शोधून काढला होता. समोरचे दृश्य पाहावे, डोळे ठरावीक रीतीने उघडमीट करावेत, म्हणजे ते दृश्य रंगांसकट आणि आवाजांसकट आपल्या आत कायमचे कोंडले जाते, अशी त्याची समजूत होती. या युक्तीला त्याने ‘डोळ्याचा सापळा’ असे नाव दिले होते. पुढे ती युक्ती चालेनाशी झाली, कोंडलेली चित्रे निसटून गेली, आणि त्या दुःखाने मुलगा आजारी पडला. वडिलांनी दिलेला कॅमेरा त्याला त्या हरवलेल्या सापळ्याच्या जागी मिळाला.

मोठेपणी सांगितलेल्या बालपणाच्या गोष्टींना थोडी कल्हई असतेच, हे आम्ही जाणतो. तरीही ही हकिगत आम्हास महत्त्वाची वाटते. लार्तिगच्या चित्रांतला आनंद हा एका निश्चिंत, सुखवस्तू मुलाचा आनंद आहे असे सरसकट म्हटले जाते. पण सापळा रचतो तो माणूस, ज्याला सावज पळून जाईल अशी धास्ती असते. वारंवार आजारी पडणाऱ्या या मुलाला प्रत्येक चांगला दिवस संपणार हे फार लवकर कळले होते. तो रोजनिशी लिहू लागला तेव्हाही तिच्यात त्या त्या दिवसाचे हवामान नोंदवी. ऊन पडले होते की पाऊस, हेसुद्धा त्याला गमवायचे नव्हते.

प्रथम त्याची घरातली चित्रे पाहू. १९०५ मधील एका चित्रात त्याच्या खोलीतील खेळण्यातल्या शर्यतीच्या मोटारी मांडून ठेवलेल्या आहेत. कॅमेरा जमिनीवर ठेवून हे चित्र घेतले आहे. त्यामुळे त्या चिमुकल्या मोटारी खऱ्या मोटारींच्या तोऱ्यात उभ्या दिसतात आणि मागचे सामान एकदम उंच वाढल्यासारखे वाटते. हेच चित्र एखाद्या प्रौढाने उभ्याने घेतले असते तर त्यात फक्त पोराने मांडलेला पसारा दिसला असता. त्याच्या आदल्या वर्षीचे एक चित्र न्हाणीघरातील आहे. टबातील पाण्यातून मुलाचे डोके वर आले आहे, आणि त्याच्यासमोर पंखा बसवलेले त्याचे खेळण्यातले जलयान तरंगते आहे. आपण स्वतःच चित्रात असल्यामुळे कळ दाबायला घरातील कोणाला तरी हाक मारावी लागली असणार. आंघोळ करणारा मुलगा आणि कॅमेऱ्याशी ओणवे झालेले घरातले मोठे माणूस, हे चित्राबाहेरचे दृश्यही आम्हाला त्या चित्राइतकेच रम्य वाटते.

त्याचे सर्वांत प्रसिद्ध चित्र म्हणजे ‘माझी बहीण बिशोनाद’. ही त्याची नात्यातली बहीण. पॅरिसमधील कोर्तांबेर रस्त्यावरील घरी, १९०५ साली, दगडी पायऱ्यांवर ती हवेत तरंगते आहे. अंगात त्या काळचा लांब झगा आहे, डोक्यावर टोपी आहे, हात पसरलेले आहेत, आणि चेहऱ्यावर आपण काहीतरी भलतेच करीत आहोत याचे हसू आहे. पाय कोठेच टेकलेले नाहीत.

हे चित्र पाहून बहुतेकजण ‘क्षण अचूक पकडला’ असे म्हणतात. आमच्या मते येथे ‘पकडला’ हा शब्द चुकीचा आहे. काचेची तबकडी एका वेळी एकच चित्र घेते. दुसरी घालीपर्यंत पाखरू उडून गेलेले असते. म्हणजे हे चित्र निघण्यासाठी आधी पायरी ठरवावी लागली असणार, तेथे भिंग जुळवून ठेवावे लागले असणार, आणि ‘आता उडी मार’ असे त्या बहिणीला सांगावे लागले असणार. ती तयार झाली, यातच निम्मे चित्र आहे. त्या काळी बाईमाणसाचे चित्र काढायचे म्हणजे स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यापुढे, श्वास रोखून बसायचे. जिलेटिनच्या कोरड्या तबकड्या १८७०च्या दशकाअखेर वापरात येऊ लागल्या. त्यापूर्वी कित्येक सेकंद हलायचीच सोय नव्हती. पुढे तबकड्या जलद झाल्या तरी बसण्याची रीत तीच राहिली. १९०० साली कोडॅक कंपनीने ब्राउनी हा कॅमेरा एका डॉलरला विकायला काढला आणि सामान्य घरांतही छायाचित्रण पोहोचू लागले, पण घराघरांतून लोक तसेच ताठ उभे राहत होते. बिशोनादने ती रीत एका उडीत मोडली, आणि ती मोडायला तिला दहा-अकरा वर्षांच्या एका भावाने चिथावले. या चित्राचा आनंद दोघांनी मिळून रचलेला आहे.

हीच गोष्ट ओव्हेर्न प्रांतातील रूझा येथील कुटुंबाच्या वाड्यावर घेतलेल्या चित्रांची. थोरला भाऊ मोरिस, ज्याला घरात झिसू म्हणत, तो तेथे उडणारी यंत्रे बनवीत असे. सप्टेंबर १९१० मधील एका चित्रात त्याचे विमानासारखे एक यंत्र जमीन सोडते आहे आणि खाली घरचे लोक व सोबती हात वर करून धावत आहेत. या चित्राच्या मथळ्यात लार्तिगने त्या सर्वांची नावे दिली आहेत, आणि तेही उडू पाहत आहेत असे म्हटले आहे. यंत्र किती उंच गेले हा प्रश्न तेथे गौण आहे. सगळे घर एका वेडात सामील झाले आहे, हे पाहण्यासारखे आहे.

मात्र कुशलतेच्या दृष्टीने जे चित्र आज पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले आहे, ते त्याला स्वतःला फसलेले वाटले होते. १९१२ या सालाने प्रसिद्ध असलेल्या या चित्रात शर्यतीची मोटार चौकटीबाहेर निसटते आहे. तिचे चाक लंबगोल होऊन पुढे झुकले आहे, आणि मागे उभी असलेली माणसे व खांब उलट दिशेला कलले आहेत. कॅमेऱ्यातील पडद्याची फट तबकडीवरून सरकत असताना मोटार पुढे गेली होती आणि त्याच वेळी लार्तिगने कॅमेराही तिच्यामागोमाग फिरवला होता. म्हणून हा वाकडेपणा आला. त्याने हे चित्र बाजूला टाकले. अनेक वर्षांनी ते बाहेर आले, तेव्हा वेग म्हणजे काय हे यातच दिसते असे जाणकार म्हणू लागले. व्यावसायिकाने अशी तबकडी फोडून टाकली असती. हौशी माणूस सहसा काही टाकून देत नाही, हा त्याचा एक मोठा गुण होय.

लार्तिगने स्वतःला आयुष्यभर चित्रकार मानले. तैलचित्रे काढणे हा त्याचा व्यवसाय होता आणि छायाचित्रे घरच्या आल्बमांत राहत होती. १९६३ साली न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जॉन शार्कोव्स्की यांनी त्यांतील निवडक चित्रांचे प्रदर्शन भरवले, तेव्हा तो ६९ वर्षांचा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर ‘लाइफ’ साप्ताहिकाने ही चित्रे छापली. तो अंक नेमका राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येचा निघाला, त्यामुळे तो घरोघर गेला. एका राष्ट्राच्या शोकाच्या पानांशेजारी पायऱ्यांवरून उडणारी बिशोनाद! १९७० मध्ये रिचर्ड अ‍ॅव्हेडॉन यांनी संपादित केलेला मोठा ग्रंथ निघाला. १९७४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांचे अधिकृत छायाचित्र काढण्याचा मान त्याला मिळाला. १९७९ मध्ये त्याने आपला सर्व संग्रह फ्रेंच सरकारला दान केला. त्यात शंभराहून अधिक आल्बम आणि एक लाखाहून अधिक चित्रे आहेत. १९८६ साली तो वारला.

आता आक्षेपांकडे वळले पाहिजे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केव्हिन मूर यांनी असे दाखवून दिले की, भाबडा बालप्रतिभावंत ही लार्तिगची प्रतिमा बरीचशी नंतर घडवलेली आहे. त्या काळच्या धनिक फ्रेंच घरांत हौशी छायाचित्रण ही एक चांगली मुरलेली विद्या होती. मासिके होती, उत्तम यंत्रे होती, उड्या आणि धावा टिपण्याची टूमही होती. मुलगा या सगळ्यात वाढला होता. हे म्हणणे आम्हास पटते, पण त्याने चित्रांची किंमत कमी होते असे वाटत नाही. पेटी वाजवणाऱ्याच्या घरात मुलगा सुरात गातो, म्हणून त्याचे गाणे खोटे ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हा आनंद पैशाचा आहे, असे कोणी म्हणेल. मोटारी, विमाने, वाडा, समुद्रकाठची हवा! शिवाय या आल्बमांच्या काळात पहिले महायुद्ध झाले. नाजूक प्रकृतीमुळे लार्तिग आघाडीवर गेला नाही आणि त्याच्या आल्बमांत युद्ध जेमतेम डोकावते. १९२४ मध्ये त्याची तान्ही मुलगी दगावली. पुढे त्याचा पहिला संसार मोडला. आल्बमांची पाने मात्र हसतच राहिली. याला आनंद म्हणावे की पळवाट?

आमचे मत असे की, दुःख वगळले म्हणून आल्बम खोटा होत नाही. कोणत्याच घरात माणूस रडताना कोणी कॅमेरा आणायला धावत नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. उतारवयात लार्तिगने आपले आल्बम पुन्हा लावले, चित्रे नव्याने कापली, पाने नव्याने जुळवली. सुख साठवून ठेवता येते, या बालपणीच्या समजुतीला तो अखेरपर्यंत धरून होता. आणि जेथे जेथे ही साठवण्याची ओढ पुढे येते, तेथे त्याची चित्रे फिकी पडतात. १९३० नंतर त्याने रने पर्ल या आपल्या मैत्रिणीची शेकडो चित्रे घेतली. ती देखणी आहेत, बाई देखणी आहे, मागचा समुद्रही देखणा आहे. पण पाहणारा चार-पाच चित्रांनंतर पान उलटतो. तेथे ऐट पुष्कळ आहे. बिशोनादच्या पायांखाली जो धोका होता, तो मात्र कोठेच नाही.

पैशाच्या आक्षेपाचे उत्तर मात्र लार्तिगच्या आल्बमात नाही. ते दुसरीकडे शोधावे लागते, आणि तिकडे जाण्याची वाट त्याच्याच एका चित्रातून निघते. १९०४ मधील हे चित्र त्याच्या आयेचे आहे. तिला घरात दुदू म्हणत. तिने चेंडू वर फेकला आहे, चेंडू हवेत आहे, आणि ती त्याच्याकडे पाहते आहे. एवढेच चित्र, पण लार्तिगच्या साऱ्या उड्यांमध्ये आम्हास हे अधिक प्रिय आहे. कामावर असलेली एक बाई घटकाभर काम विसरली आहे. ज्या मुलाला खेळवण्यासाठी तिला ठेवले आहे, तो कॅमेऱ्यामागे आहे आणि खेळते आहे ती स्वतःच. हे पाहताना मनात येते की, या बाईच्या हाती कॅमेरा असता तर तिने काय टिपले असते?

अशी एक आया पुढे खरोखरच होऊन गेली. विवियन मायर हिचा जन्म १९२६ साली न्यू यॉर्कमध्ये झाला. आई फ्रेंच होती, आणि विवियनच्या बालपणाची काही वर्षे फ्रेंच आल्प्समधील शांसोर या डोंगरी खोऱ्यात गेली. विशीत ती पुन्हा तेथे गेली तेव्हा साध्या पेटी-कॅमेऱ्याने तिने चित्रे घ्यायला सुरुवात केली होती. अमेरिकेत परतल्यावर तिने मुले सांभाळण्याचे काम धरले आणि १९५२च्या सुमारास रोलायफ्लेक्स कॅमेरा घेतला. १९५६ मध्ये ती शिकागोच्या उत्तरेकडील एका उपनगरात तीन मुलगे असलेल्या कुटुंबाकडे राहू लागली. तिला मिळालेल्या न्हाणीघरातच ती चित्रे धूत असे. मुलांना बाहेर नेताना, सुट्टीच्या दिवशी शहरात भटकताना, कॅमेरा गळ्यात असेच. चाळीस-एक वर्षांत तिने एक लाखाहून अधिक चित्रे घेतली आणि जवळजवळ कोणालाही दाखवली नाहीत. २००७ साली भाडे थकल्यामुळे तिच्या सामानाच्या कोठड्यांचा लिलाव झाला, तेव्हा ही खोकी परक्यांच्या हाती पडली. २००९ च्या एप्रिलमध्ये ती वारली. तिच्या चित्रांचा जगभर बोलबाला झाला तो त्यानंतर.

रोलायफ्लेक्सची एक खुबी येथे सांगितली पाहिजे. हा कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो. तो पोटाशी धरायचा आणि वरून, मान खाली घालून, काचेत पाहायचे. ज्याचे चित्र घ्यायचे त्याच्यावर नजर रोखली जात नाही. त्यामुळे मायरची माणसे सावध होत नाहीत. शिवाय चित्र छातीच्या खालच्या उंचीवरून निघते, म्हणजे साधारण मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून. दिवसभर मुलांबरोबर हिंडणाऱ्या बाईला ही उंची परिचयाचीच होती. लार्तिगने मोटारींसाठी कॅमेरा जमिनीवर ठेवला होता, त्याची येथे आठवण होते.

तिने काय टिपले? बाकावर बसल्या बसल्या झोपलेली माणसे, पाठमोऱ्या बायकांचे मागे बांधलेले हात, दुकानांच्या काचा, रडून गाल मळलेली मुले, श्रीमंत बायांचे त्रासिक चेहरे, आणि पुष्कळ वेळा स्वतःची सावली. यांतली बरीच चित्रे हसरी नाहीत. मराठीत मौज, सुख आणि आनंद हे तीन वेगळे शब्द आहेत हे एका परीने बरे. बिशोनादच्या चित्रात मौज आहे. रने पर्लच्या चित्रांत सुख आहे. मायरच्या चित्रांत या दोन्ही गोष्टी फारशा नाहीत, पण आनंद आहे असे आम्ही म्हणतो, कारण जे समोर आहे ते पाहण्यालायक आहे अशी एक ठाम खात्री प्रत्येक चौकटीत दिसते. रडणाऱ्या मुलाच्या गालावरचा मळ तिने ज्या काळजीने टिपला आहे, तितक्या काळजीने अनेक चित्रकारांनी राण्यांचे दागिने रंगवलेले नाहीत.

१९५५ मधील तिच्या एका चित्रात एक कामगार मोठा आरसा उचलतो आहे, आणि नेमक्या त्या वेळी त्या आरशात कॅमेरा घेतलेली ती स्वतः उभी दिसते. आरसा कोणा दुसऱ्याच्या घरी चालला होता. तो उचलायला आणि तिने तेथून जायला एकच गाठ पडली. तिने ती वाया जाऊ दिली नाही. लार्तिगला जी उडी आधी ठरवावी लागली, ती येथे रस्त्यानेच मारली.

सुझन सोंटॅग यांनी १९७७ च्या आपल्या छायाचित्रणविषयक ग्रंथात असा आरोप केला आहे की, चित्र घेणे म्हणजे त्या वस्तूचा ताबा घेणे होय, आणि अनुभव घेण्याऐवजी माणूस त्याचे चित्र घेऊन मोकळा होतो. लार्तिगला हा आरोप काही अंशी लागू पडतो. मायरला तो कसा लावावा? तिच्या मागे शेकडो रोल न धुतलेले सापडले. म्हणजे जी चित्रे तिने घेतली, त्यांतली कित्येक तिने स्वतःच कधी पाहिली नाहीत. ताबा घेणाऱ्याची ही रीत नव्हे. पैशाची चणचण होती, घरे बदलावी लागत होती, पुढे धुण्याची सोयही राहिली नाही. ही सगळी कारणे खरी असतील. तरीही पैसे नसताना ती रोल विकत घेत राहिली आणि कळ दाबत राहिली. तिच्या आनंदाचा मोठा वाटा कळ दाबण्यापूर्वीच्या त्या क्षणात होता, मान खाली घालून काचेत पाहण्याच्या त्या क्षणात, असे आम्हास वाटते. लार्तिगचीही उत्तम चित्रे याच जातीची आहेत. सापळ्याची उपमा त्याने स्वतःच दिली खरी, पण बिशोनाद त्याच्या सापळ्यात अडकलेली नाही. ती अजून हवेतच आहे.

एक खंत मात्र नोंदवली पाहिजे. मायरने जे दाखवले नाही ते आपण पाहतो आहोत. तिच्या खोक्यांतून कोणते चित्र निवडावे, कसे कापावे, हे तिच्या पश्चात इतरांनी ठरवले. त्यावरून हक्कांचे वाद न्यायालयापर्यंत गेले. आपल्याला माहीत असलेली विवियन मायर ही निम्मी तिच्या संग्राहकांनी घडवलेली आहे. म्हातारपणी तिला राहायला जागा मिळावी म्हणून तिने सांभाळलेल्या त्या तीन मुलांनी मदत केली, ही गोष्ट आम्हास तिच्या कीर्तीपेक्षा मोलाची वाटते. त्यांना तिच्या चित्रांचे मोल ठाऊक नव्हते. तिचे होते.

या दोघांची चित्रे पाहून झाल्यावर स्वाभाविकपणेच नजर आपल्या घरच्या आल्बमांकडे जाते. धर्मग्रामातील बहुतेक कुटुंबांचे आल्बम एकसारखे असतात. बाप्तिस्मा, प्रथम कम्युनियन, दृढीकरण, लग्न, आणि काही घरांत शवपेटीभोवती उभे राहून काढलेले कुटुंबाचे अखेरचे चित्र. यांतले शेवटचे सोडले तर सर्वांत माणसे कॅमेऱ्याकडे पाहत आहेत, आणि सर्वांच्या अंगावर नवे कपडे आहेत. या चित्रांबद्दल आमच्या मनात अनादर नाही. परंतु ज्या आजीने पन्नास वर्षे बावखलावर धुणे धुतले, वाडीत भाजी खुडली, चुलीपुढे डोळे चोळले, तिचे एकच चित्र घरात असावे आणि त्यातही ती परक्याच्या खुर्चीत अवघडून बसलेली असावी, ही आपल्या आल्बमांची मोठी उणीव आहे.

याचे एक कारण अर्थातच खर्च होता. एके काळी आपल्याकडे हौशी घरांत आग्फा क्लिक थ्री नावाचा साधा कॅमेरा असे. त्यात एका रोलवर बारा चौकोनी चित्रे निघत. गंमत अशी की, मायरच्या महागड्या रोलायफ्लेक्सलाही त्याच मापाचा रोल लागे, आणि त्यावरही तशीच बारा चौकोनी चित्रे निघत. भिंगात जमीन-अस्मानाचा फरक होता हे खरे. पण चौकट तीच होती आणि बाराचा हिशेबही तोच होता. आपल्याकडे ते बारा समारंभासाठी राखून ठेवले जात. पुढे छत्तीस चित्रांचे रोल आले, तरी राखून ठेवण्याची सवय गेली नाही. आता मोबाइलमुळे हिशेबच संपला आहे, आणि पूर्वी कोणी टिपत नव्हते ते पान, ताट, मांजर सगळे टिपले जाते. याला नाके मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. टिपलेले पुन्हा पाहिले जात नाही ही तक्रार खरी असली, तरी मायरनेही पाहिले नव्हते. आम्ही फक्त एवढेच विचारू की, कळ दाबण्यापूर्वी किती वेळ पाहिले?

जुन्या आल्बमांत एक वर्ग असा आहे, ज्याकडे समीक्षकांचे कधी लक्ष गेलेले नाही. लग्न उरकले, पाहुणे गेले, आणि रोलमध्ये एक-दोन चित्रे शिल्लक राहिली. रोल संपल्याशिवाय धुवायला टाकता येत नाही. मग कोणीतरी, बहुधा घरातला एखादा काका किंवा थोरला मुलगा, उरलेली चित्रे संपवण्यासाठी कॅमेरा घेऊन ओटीवर येई आणि समोर जे असेल त्याचे चित्र काढून टाकी. ही चित्रे आल्बमात नीट चिकटवली जात नाहीत. ती मागच्या पानात सुटी सरकवलेली असतात, आणि आल्बम नव्याने लावताना प्रथम तीच टाकून दिली जातात. ती टाकू नयेत. त्यांत कोणी तयार नसते. मांडवाचे बांबू सोडवणारा गडी वर पाहत असतो, काकूच्या हातात खरकटे टोप असते, नव्या कपड्यांतून घरच्या कपड्यांत आलेले एखादे पोर अनवाणी पळत चौकटीतून बाहेर निघालेले असते, आणि त्याचे नुसते अर्धे डोके आणि एक टाच आलेली असते.